दुसऱ्या पंगतीचे टॉवेल

“टॉवेल आणा. तो टॉवेल आणा आदी माझ्यासमोर,” मन्मथमामा ओरडून राहिले होते, आणि नाश्त्याला बसलेली माणसं पुरीचा घास हातात धरून माझ्या गल्ल्याकडं बघत होती. “आख्खं खानदान आंधळं केलं ह्या माणसानं. मुलाची आई दार लावून बसलीय. नवरदेवाचे डोळे सकाळी चिकटलेले, पाणी लावून उघडले. मुलीकडचे तर झाडून सगळे आडवे. हाटेल चालवून राहिला का डोळ्याचा दवाखाना भरून राहिला?”

मन्मथमामा म्हणजे नवरदेवाचे सख्खे मामा, नांदेडचे. आवाज असा, की औसा रोडवरून जाणारी एसटी स्टॉप नसताना थांबावी. डोळ्यांवर काळा गॉगल. त्यांच्या शेजारी नवरीचे वडील, शिवराजअप्पा — आमच्याच गल्लीतले किराणा दुकानदार, माझे जुने दोस्त. अप्पांचे दोन्ही डोळे पिकलेल्या टमाट्यासारखे झाले होते आणि ते एक शब्द बोलत नव्हते. साखरपुडा दोन दिवसांआधी माझ्या हॉलमध्ये झाला होता. हॉल अप्पांनी निवडला होता, म्हणजे डोळे आले तर तेही त्यांच्याच माथी. आणि मामा मध्येमध्ये म्हणत होते, असल्या घरात सोयरीक करायची का, ते आम्ही परत बसून बघू.

त्यावर मी जे बोललो, ते — थांबा. तिथं एकदम उडी मारता येत नाही मला.

हे मी एक माणूस सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अप्पांना नाही, सणासुदीला ज्याच्यासमोर डोकं टेकतो त्यालाही नाही. आणि माझी अडचण तुम्हाला कशी सांगू? मी लातुरात थापाड्या म्हणून नावाजलेला माणूस आहे. मी सांगितलेली गोष्ट अर्धी करून घ्यावी आणि उरलेल्या अर्ध्यातली परत अर्धी, असा आमच्या घरचा नियमच आहे. आमच्या तंदूरमधली रोटी एकदा इतकी फुगली, की वेटर तिला धरून पंख्यापर्यंत गेला, असं मी एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. त्यानं तशीच आणखी एक मागवली. लोकांना माहीत असतं, मला माहीत असतं, कुणाचं काही जात नाही. असं मला वाटायचं. आता हे लिहिताना भीती अशी, की तुम्ही हेही अर्धं करून घ्याल. घेऊ नका. ह्यात तिखटमीठ नाही.

तर टॉवेल.

जेवण झालं की फिंगर बाऊल आणून ठेवायचा, ही सगळीकडची रीत. मी म्हटलं, आपण गरम टॉवेल द्यायचा. पांढराशुभ्र, गुंडाळी केलेला, वाफाळता, गुलाबाच्या वासाचा. लातुरात तेव्हा कुणी देत नव्हतं. लोक लांबलांबून बघायला यायचे. कापडी दस्त्या, म्हणजे हातरुमाल, तर टेबलावर अशा घडी घालून ठेवलेल्या, की कमळच. मी सांगायचो, आमचे टॉवेल मुंबईच्या मोठ्या हॉटेलवाल्यांना धुता येत नाहीत इतके नाजूक आहेत, कडुनिंबाच्या पाण्यात उकळतो, एका माणसाचा टॉवेल परत त्या दिवशी दुसऱ्याला जात नाही, डॉक्टर मंडळी आपली मुलं इथं जेवायला आणतात. ह्यातलं उकळणं कधीकधी खरं होतं.

आणि आपला माणूस त्या टॉवेलाचं काय करतो, ते तुम्हाला माहीत आहे. दिलेला असतो हात पुसायला. तो आधी तोंड पुसतो. मग मान. मग कानामागं. मग गरम टॉवेल दोन्ही डोळ्यांवर दाबून धरतो आणि “हाऽऽ” करतो. मला तो “हाऽऽ” लई आवडायचा. त्या आवाजासाठीच मी ते सगळं मांडलं होतं म्हणा ना.

साखरपुड्याच्या आठवड्यात टँकर आला नव्हता. बोअर आटलेली. हे कारण म्हणून सांगत नाही. लातुरात पाणी नाही, हे काय कारण झालं? ते तर सगळ्यांनाच नसतं. माझ्यामागं मळक्या टॉवेलांचा ढीग साचला होता आणि धुतलेले होते ते पहिल्या पंगतीपुरते. मी अप्पांना जाऊन सांगायचं होतं. माझ्या टेबलाच्या खणात कागदी नॅपकिनचे गठ्ठे पडले होते, ते वाटले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? पण मी अप्पांच्या पाहुण्यांसमोर सकाळपासून टॉवेलाचं पुराण लावलं होतं. नांदेडच्या पाहुण्यांना टॉवेल आणि आपल्याच बायकामाणसांना कागद? माझी इज्जत जाईल, असं वाटलं. इतकीच ती इज्जत.

पहिली पंगत मुलाकडच्यांची. तशी पद्धतच आहे — त्यांचं पोट भरेपर्यंत मुलीकडच्यांनी वाढायचं आणि मग आपण बसायचं. पहिल्या पंगतीत मन्मथमामा. हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, काळा गॉगल लावून. मी पाणी विचारायला गेलो तेव्हा गॉगलखालून पाणी गालावर ओघळत होतं. त्यांनी गॉगल वर केला, माझा गरम टॉवेल दोन्ही डोळ्यांवर दाबला आणि “हाऽऽ” केलं. डोळे मी बघितले. लालभडक, सुजलेले, कडांना पिवळं चिकटलेलं. मी बघितलं, तुम्हाला सांगतो, आणि मनात काय आलं? मामांना टॉवेल आवडला, एवढंच आलं.

मग ती पंगत उठली. वापरलेले टॉवेल मी स्वतः गोळा केले. पोरांना वाढायला बाहेर पाठवलं, कारण त्यांनी बघू नये असं काहीतरी मी करणार आहे, हे हातांना आधीच कळलं होतं. सगळे टॉवेल एका घमेल्यात टाकले. साबण नाही, धुणं नाही. जे थोडं पाणी होतं त्यात गुलाबाचा वास टाकून बुचकळले, पिळले, आणि इडलीच्या पात्रात वाफेला लावले. वाफेत सगळं मरतं, असं मी मला सांगितलं. मरत असेलही, नीट वेळ दिला तर. पण बाहेर दुसऱ्या पंगतीचा भात वाढून झाला होता. टॉवेल जेमतेम कोमट झाले. मी ते गुंडाळले, ताटात रचले, आणि ताट घेऊन हसत बाहेर आलो.

कुणाचा टॉवेल कुणाकडं गेला, ते आता देवालाही सांगता यायचं नाही. सगळे एकाच घमेल्यातून गेले होते. अप्पांनी डोळे पुसले, त्यांच्या भावांनी पुसले, वहिन्यांनी पुसले. नवरी, राजश्री, तिनंही पुसले.

एका बाईनं तेवढे पुसले नाहीत.

महानंदाअक्का. अप्पांची थोरली बहीण, राजश्रीची आत्या. राजश्रीची आई ती लहान असतानाच गेली. पोरीला धर्माबादला नेऊन अक्कानंच वाढवलं. धर्माबादला अक्काची मिरची कांडपाची गिरणी आहे. तिचे डोळे बारमाही लाल असतात आणि आवाज खोकून खोकून घोगरा. मला हे माहीत होतं, कारण आमच्या रश्शाला लागणारं तिखट वर्षानुवर्षं तिच्याच गिरणीतून यायचं. मी तिला चिडवायचोही — अक्का, तुमच्याकडं बघितलं की मलाच ठसका लागतो. ती म्हणायची, “मग बघू नका. तिखट घ्या अन् चला.”

त्या दिवशी मी ताट पुढं केलं तर अक्का हसली. “नको हो भाऊ. माझा हात तिखटाचा, तुमचं पांढरंफेक लाल करून ठेवीन,” म्हणाली, आणि पदराला हात पुसून राजश्रीची वेणी नीट करायला गेली. मी समोर उभा होतो. मी बघितलं.

संध्याकाळी बायकोनं मला विचारलं, “अहो, दुसऱ्या पंगतीला टॉवेल कुठून आणले?” मी म्हटलं, बाजूच्या हॉटेलवाल्याचे आणले, त्याच्या बदल्यात त्याला एक बकरा कबूल करावा लागला. ती हसली. तिनं ते अर्धं करून घेतलं असेल, आणि परत अर्धं. खोटं मात्र पूर्णच खोटं होतं.

आता परत गल्ल्यापाशी येतो. येतोच.

मन्मथमामा म्हणाले, “टॉवेल दाखवा, न्हाईतर नगरपालिकेत जातो, पेपरात देतो. हाटेलाला कुलूप लावल्याशिवाय लातूर सोडत न्हाई.” काय होतं बोलण्यासारखं? होतं ना. दोन वाक्यं होती. मामा, डोळे तुमचे आधीच आले होते. आणि ते पुढं पोचवले माझ्या टॉवेलानं. मुलाकडचे तुमच्याच घरात, तुमच्याच जीपमध्ये होते. त्यांना तुमच्याकडून लागले. मुलीकडच्यांना माझ्याकडून. एवढं बोललो असतो तर मामांची अर्धी लाज आणि माझी पूर्ण लाज जाऊन विषय संपला असता.

मी म्हटलं, “मामा, टॉवेलाचं सोडा. ती धर्माबादची पाहुणी बघितली का तुम्ही नीट? तिचे डोळे कसे होते?”

मामा थांबले. गॉगलमागं काय चाललं ते दिसत नव्हतं, पण माणूस आत बसायला खुर्ची शोधत असला आणि ती मिळाली, की जसा सैलावतो, तसे सैलावले. त्यांनाही त्यांचे डोळे माहीत होतेच की.

अप्पा पहिल्यांदा बोलले. “अक्काचे डोळे तर…”

“तर काय?” मामा म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. मी म्हणालो असतो, मामा, ते तिखटानं तसेच असतात, तर संपलं असतं. अप्पा त्यासाठीच बघत होते, अशी माझी खात्री आहे. का मीच आता तसं ठरवलंय? नाही. त्यासाठीच बघत होते.

“मी जवळून बघितलं,” मी म्हणालो. “चिपडं होती.”

हेच ते. ह्याच्याभोवती मी इतका वेळ फेऱ्या मारून राहिलो. ती चिपडं मी बघितली होती मामांच्या डोळ्यांत, आणि उचलून ठेवली अक्काच्या.

मग मामांचा आवाज खाली आला. त्यांनी चहा घेतला, मी स्वतः करून दिला. लग्न ठरल्याप्रमाणंच नांदेडला होईल म्हणाले, पण त्या बाईनं पोरीला हात लावायचा नाही. हळद लावायची नाही. मांडवात यायचंच नाही, परत साथ पसरली तर कोण निस्तरणार? अप्पांनी माझ्या गल्ल्यापाशी उभं राहूनच फोन लावला. फोनमधून कांडपाचा धाडधाड आवाज येत होता. अप्पा म्हणाले, “अक्का, काही ऐकू येईना.” पलीकडं मशीन बंद झालं. अप्पा म्हणाले, “अक्का, तू लग्नाला नको येऊ. डोळ्याचं हाय.” पलीकडून ती काय बोलली मला कळलं नाही. फार बोलली नसावी. थोड्या वेळानं मशीन परत सुरू झालं.

अप्पा का गप्प बसले, ते अप्पांचं अप्पा बघतील. मी माझं सांगतोय.

राजश्रीला सांगितलं गेलं, की आत्याला माहीत होतं आपले डोळे आलेत, तरी ती लपवून साखरपुड्याला आली, तुझ्याच चेहऱ्यावरून हात फिरवत बसली. पोरगी आत्यावर रुसली. माझी थाप ऐकून रुसली.

इथंच थांबलो असतो तर मी भित्रा म्हणून सुटलो असतो. पण मला गल्ल्यावर बसून गोष्टी सांगायची सवय, आणि माझ्याकडं एक आयती गोष्ट आली होती. का सांगितली मी ती? भीतीनं. लोक टॉवेलाचं विचारतील, त्याआधी त्यांच्या तोंडात दुसरं काहीतरी द्यावं म्हणून. धर्माबादची एक बाई आहे, मी सांगायचो. तिनं हॉलमध्ये पाऊल टाकलं तर दाराच्या भिंगाला डोळे आले. तिनं बटाट्याकडं बघितलं तर बटाट्याला डोळे फुटले. फोटोग्राफरनं तिचा फोटो काढला तर कॅमेऱ्यातून आठवडाभर पाणी गळत होतं. लोक पोट धरून हसायचे. देगलूरचा एक व्यापारी तर ती गोष्ट ऐकायला मुद्दाम थांबायचा. मी हसताना टॉवेल वाटायचो. धुतलेले, हे सांगायला पाहिजे. त्यानंतर माझ्या हॉटेलातला एकही टॉवेल उकळल्याशिवाय आणि गच्चीवर कडक उन्हात वाळल्याशिवाय टेबलावर गेलेला नाही. मळक्याची टोपली वेगळी, झाकणाची, धुतलेल्याची वेगळी. टँकर नसला की कागद. गिऱ्हाईक म्हणतं, काय स्वच्छता आहे हो तुमच्याकडं. मी जाऊन टोपलीचं झाकण परत एकदा दाबून येतो. जेवायला आलेल्या प्रत्येक माणसाचे मी आधी डोळे बघतो. कुणी गॉगल लावून आत आलं, की मला भाजीत मीठ आहे का नाही, तेही कळेनासं होतं.

गेल्या महिन्यात राजश्री आली. नांदेडहून माहेरी आली होती, नवरा आणि मुलगी घेऊन जेवायला. मुलगी आता शाळेत जाते. मी टॉवेल दिला, तिनं हात पुसले, आणि माझ्याकडं बघून आईला विचारलं, “बटाट्याला डोळे येतात ती गोष्ट सांगणारे हेच का?”

राजश्री हसली. “हेच. सांगा की काका. हिला लई आवडते. सासरी सगळ्यांना पाठ झालीय.” मग हळूच म्हणाली, “हसण्यावारी नेते मी. पण सासूबाई अजून आत्याला घरी येऊ देत न्हाईत. बारशाला आली होती, बाळ आतल्या खोलीतच ठेवलं. आता डोळे आलेत म्हणून न्हाई हो… नजर चांगली न्हाई म्हणतात. मीच सांगितलं तिला, नको येत जाऊ.”

मुलगी म्हणाली, “सांगा ना, कॅमेऱ्याचं.”

राजश्री समोर होती. टेबलाच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला ती. माझ्या तोंडात दोन्ही वाक्यं तयार होती, इतक्या वर्षांत घासून गुळगुळीत झालेली. आणि मी काय केलं? मी कॅमेऱ्याचं सांगितलं. मुलगी खूप हसली. मी तिला वरून आइस्क्रीम दिलं.

दुसऱ्या दिवशी उठून धर्माबादला गेलो. एसटीत बसून मनात जुळवत होतो — कुठून सुरू करायचं, कुठं आवाज बारीक करायचा. सगळं फुकट गेलं. गिरणीच्या दारातच असा ठसका लागला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी. अक्का पोत्यावर बसून देठ खुडून राहिली होती. केस पांढरे झालेत. म्हणाली, “या भाऊ. मधी बरेच दिस तिखट दुसरीकडनं नेलं वाटतं.”

हो, नेलं. साखरपुड्यानंतर मी तिच्याकडचं तिखट बंद केलं होतं. हेही सांगायचं राहिलंच बघा.

मशीन चालू होतं. मी ओरडून सुरुवात केली, मग वाटलं, हे काय ओरडून सांगायचं आहे. तिला काय वाटलं कोण जाणे, उठून तिनं मशीन बंद केलं आणि परत पोत्यावर येऊन बसली. मग मी सांगितलं. घमेलं, गुलाबाचा वास, इडलीचं पात्र, मामांचा गॉगल, तिचा पदर. चिपडं होती म्हणालो, तेही. बटाट्याचं, कॅमेऱ्याचं. राजश्रीच्या लेकीला कालच परत सांगितलं, तेही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट होती तेवढीच सांगितली आणि ती इतकी थोडी निघाली, की मला वाटलं, अजून काहीतरी राहिलंय.

अक्का ऐकताना देठ खुडतच होती. मध्ये एकदा पदरानं डोळे पुसले, पण ते ती दिवसभरच पुसते. मग मूठभर मिरची सुपात टाकली.

“झालं?”

“झालं.”

“मला कशाला सांगून राहिले, भाऊ? माझे डोळे मला माहीत हायत. राजश्रीला सांगा.”